एकशे चाळिसाव्या पानावरची ओळ

१

परत आल्यापासून माझी सकाळ दादाच्या टाइप करण्याच्या आवाजाने व्हायची. त्याची खोली आणि माझी खोली यांच्यात प्लायवूडची एक पातळ भिंत. दादा दोन बोटांनी टाइप करायचा आणि कळ अशी हाणायचा की जणू खिळा ठोकतोय. टकटकटक, मग थोडी शांतता, मग एक मोठा ठक. तो ठक म्हणजे पूर्णविराम. पूर्णविरामाआधी तो नेहमी एक मोकळी जागा सोडायचा. कोणी तसं शिकवलं असेल, किंवा कोणी काहीच शिकवलं नसेल.

वडील गेले तेव्हा तो नववीत होता आणि मी पाळण्यात. त्याने शाळा सोडली, पाणीपुरवठा केंद्रावर पंप चालवायला लागला आणि मला मात्र शिकवलं. आधी वसतिगृहात ठेवलं, मग इतक्या लांब पाठवलं की घरी फोन करायचा तर आधी तिथे किती वाजले असतील याचा हिशेब करावा लागायचा. मी परत आले ती डोक्यात वारं भरून. ज्ञान सगळ्यांचं असलं पाहिजे, फुकट असलं पाहिजे, आणि आपल्या भाषेत असलं पाहिजे. हे मी तिकडे सभांमध्ये बोलत असे. दादा इकडे ते अकरा वर्षं करत होता आणि कोणाला सांगतही नव्हता.

'पाटकरी' नावाची एक मुक्त संगणक प्रणाली आहे. लहान लहान पाणी केंद्रांत कोणती झडप कधी उघडायची, कोणत्या भागाला किती वेळ पाणी सोडायचं, हे ती सांभाळते. तिला मालक नाही. जगभरचे लोक फावल्या वेळात ती लिहितात. तिची आपल्या भाषेतली माहितीपुस्तिका, दोनशे बारा पानांची, पहिल्या शब्दापासून दादाने लिहिली होती. आणि तिच्यात चूक नसलेली ओळ शोधावी लागत होती.

"दादा, 'झडप उघडन्यापूर्वी' लिहिलंयस. ण कुठे गेला?"

"बाजारात गेलाय. येईल."

"लोक हसतात रे."

"हसू देत. हसत का होईना, वाचतात. झडप उघडते ना? मग झालं." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खरंच दुखावले होते, त्याच्यासाठी, हे त्याला कळलं असावं. "कर तू दुरुस्त, पंतोजी. एवढी शिकलीस ते वाया नको जायला."

मी त्याच दिवशी 'पंतोजी' या नावाने खातं उघडलं.

२

हे काम कसं चालतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

पुस्तिका सगळ्यांना खुली असते. चूक दिसली की तुम्ही बदल सुचवायचा. पुस्तिकेचा एक राखणदार असतो. तो कुठे राहतो, बाई आहे की पुरुष, मला आजही माहीत नाही. तो बदल बघतो आणि दोन शब्द लिहितो: 'मंजूर. आभार.' झालं. चूक गेली.

पुस्तिकेचं आणखी एक दृश्य असतं. त्यात प्रत्येक ओळीच्या डाव्या बाजूला एक नाव दिसतं: त्या ओळीला शेवटचा हात कोणी लावला त्याचं. आमच्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या धंद्यात त्या दृश्याला 'दोष कोणाचा' म्हणतात, थट्टेने. नियम साधा आहे. ओळीतला एक अनुस्वार बदलला तरी अख्खी ओळ तुमच्या नावावर होते. आधीच्याचं नाव जुन्या नोंदींत राहतं, पण समोर तुम्ही दिसता.

मी पाहिलं तेव्हा दोनशे बारा पानं डाव्या बाजूला एकच नाव होतं. नळवाला, नळवाला, नळवाला. दादा.

पहिले तीन आठवडे मी हातानेच करत होते. रोज चार पानं. मग कंटाळले आणि एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, नाव ठेवलं 'झाडू'. दादाच्या नेहमीच्या चुकांची यादी त्याला दिली, आणि पूर्णविरामाआधीची ती मोकळी जागाही. झाडू रोज वीस पानं झाडणार आणि माझ्या नावाने बदल पाठवणार होता.

एक ओळ मी वगळायला सांगितली. पान एकशे चाळीस, उदाहरणांचं पान. तिथे दादाने लिहिलं होतं:

'बहिण घरी येनार असेल तर टाकी आदल्या दिवशी भरून ठेवावी .'

मी ती त्याला वाचून दाखवली. त्याचे कान लाल झाले.

"ती एक राहू दे गं," तो म्हणाला. "पंपावरची माणसं हसतात वाचून."

३

चौथ्या आठवड्यातल्या एका सकाळी वहिनीने चहाचे तीनच कप भरले.

"चौथा?" मी विचारलं.

"कोणाला?"

दादा स्वयंपाकघराच्या दारातच उभा होता, खांद्यावर टॉवेल. "अगं, मी मेलो नाही अजून."

वहिनी दचकली, मग तिने कपाळावर हात मारला. "बघा वन्सं, बारा वर्षं झाली लग्नाला. आता नवरा डोळ्यांना दिसेनासा झाला."

नणंदेला वन्सं म्हणणारी या पिढीत ती एकटीच असेल. ती ते मुद्दाम, नाटकातल्यासारखं म्हणायची आणि दादा दर वेळी हसायचा. त्या दिवशीही हसला. आई हसली. मी हसले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन कप. दादाने फडताळातून स्वतःचा कप काढला, चहा ओतून घेतला आणि खोलीत गेला.

त्याच आठवड्यात मी झाडू सुरू केला होता. प्लायला टेकून बसले होते. टकटकटक, शांतता. मग ठक. तो ठक लांबून आला. दादाने टेबल खिडकीकडे सरकवलं असेल, मी मनाशी म्हटलं. उठून बघायला गेले. टेबल होतं तिथेच होतं, प्लायला चिकटून. दादा माझ्यापासून हातभर अंतरावर बसून टाइप करत होता, आणि आवाज जिन्याखालून येत होता.

"काय गं?"

"काही नाही. कीबोर्ड बदललास?"

"याला काय धाड भरलीय बदलायला?"

४

गच्चीवरची टाकी भरणं हे आमच्या घरात फक्त दादाचं काम. जिन्याच्या वळणावरची झडप जुनी आणि हट्टी, दुसऱ्या कोणाला फिरत नाही. मी लहानपणी दोन्ही हातांनी लोंबकळले होते तिला. एका सकाळी नळाला पाणी नव्हतं. आई दोन बादल्या घेऊन जिन्याने वर येत होती.

"दादाने टाकी भरली नाही?"

आई बादली ठेवून धापा टाकत म्हणाली, "टाकी कुठे भरतो आपण? खालूनच आणतो की, आधीपासून."

मी तिला डॉक्टरांकडे नेलं. वय पासष्ट. या वयात होतं असं. मी हे सगळं वाचलेलं होतं, तिकडच्या पुस्तकांत. डॉक्टरांनी तिला वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा करायला सांगितले. तिने भराभर केले. मग त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण असतं, आजी?"

"मी," आईने एक बोट मुडपलं. "ही माझी मुलगी." दुसरं. "आणि ती एक," तिसरं बोट. चौथं तिने अर्धं वाकवलं आणि तसंच धरून बसली, एखादा विसरलेला निरोप आठवावा तशी. मग ते सरळ केलं. "तिघीच."

"अगदी ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले.

घरी येताना मी स्वतःशी वाद घालत होते. दोन माणसांना एकदम एकच विसर पडत नाही. म्हणजे रागावल्या असतील त्याच्यावर. काही झालं असेल घरात, मला न सांगण्यासारखं. बायका अशा शिक्षा करतात. मला हे पटत आलं होतं. तेवढ्यात कोपऱ्यावर दादाबरोबर पंपावर काम करणारा फिटर भेटला. त्याने हात हलवला.

"दादाची कोणती पाळी आहे आज?" मी विचारलं.

"कोणता दादा?" तो म्हणाला. चेष्टा कळल्यासारखा हसायला लागला, आणि ती कळली नाही म्हणून थांबला.

५

मी जिना चढून वर आले आणि का कोण जाणे, आधी त्याच्या खोलीत न जाता लॅपटॉप उघडला. 'दोष कोणाचा' दृश्य. डावीकडे पंतोजी, पंतोजी, पंतोजी. मी पानं खाली ओढत राहिले. नळवाला पानामागे एखादा, मग पाच पानांत एखादा. मी मोजले. एकतीस.

त्या क्षणी मला कळलं, असं म्हणता येणार नाही. मी शिकलेली मुलगी आहे. तरी मी झाडू बंद केला. पण शेवटचे बदल आधीच राखणदाराच्या रांगेत पडले होते.

मग त्याच्या खोलीत गेले. ती लहान झाली होती. मला हे दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही. पलंग होता, टेबल होतं, पण दोन्हींच्या मधून चालायला मला तिरकं व्हावं लागलं. दादा खुर्चीत बसला होता, गुडघे छातीशी आलेले. त्याला त्याची अडचण वाटत नव्हती.

"दादा, ऊठ. नाही, बस. हे बघ, हे तुझं पान. यात काहीतरी बदल. काहीही. एक अक्षर."

"कशाला?"

"तुझं नाव येईल परत. मी सांगते म्हणून."

त्याने दोन बोटं कळांवर ठेवली. हाणली. मी कळ खाली गेलेली पाहिली, वर आलेली पाहिली. पडद्यावर काही उमटलं नाही. आवाजही नाही. पुन्हा हाणली. मी त्याचं बोट धरून दाबलं, ते गार होतं. उमटलं नाही.

"अगं, मला कुठे लिहिता येतं?" तो म्हणाला, अगदी समजावणीच्या सुरात. "नववी नापास माणूस मी. हे कोणी लिहिलंय? शुद्ध लिहिलंय बघ किती."

"तू लिहिलंयस. दादा, तू."

"वेडी आहेस." त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली. तिचं वजन मला लागलं नाही.

लॅपटॉपवर निरोप आला. मंजूर. आभार. लगेच दुसरा. मंजूर. आभार. मी पडदा खाली आपटला, जणू तिथून तो राखणदार आत येत होता. आवाज येतच राहिले, एकामागून एक, तीस वेळा. मी मोजत होते. दादाकडे बघत मोजायला हवं होतं. मी लॅपटॉपकडे बघत मोजलं.

६

प्लायच्या पलीकडे आता एक कपाट आहे. आईच्या म्हणण्याप्रमाणे ते तिथे कायमच होतं. आत जुन्या गाद्या आहेत. मी त्या सगळ्या बाहेर काढल्या, मागच्या फळीवर ठोकून पाहिलं. भरीव भिंत.

पण सकाळी सहाच्या सुमाराला, कान लावला तर, फळीच्या मागे काहीतरी होतं. टकटकटक नाही. एकच ठक, आणि त्याच्याआधी एक थांबणं. दिवसातून एकदा.

एक ओळ शिल्लक होती. पान एकशे चाळीस. तिच्या डावीकडे अजून त्याचं नाव होतं.

मी सगळे बदल उलटे फिरवले. चुका परत घातल्या, सगळ्या, एक एक करून. उघडन्यापूर्वी. पान्याचा दाब. पूर्णविरामाआधीच्या मोकळ्या जागा. माझ्या हातांना त्याच्या चुका पाठ झाल्या. ओळी अशुद्ध झाल्या, आणि डावीकडे नाव राहिलं पंतोजी. मी लिहिलेल्या चुका माझ्याच झाल्या.

मग राखणदाराला लांबलचक पत्र लिहिलं. काय लिहिलं आठवत नाही, गयावया केली असणार. जुन्या नोंदी परत आणा, म्हटलं. मंगळवारी उत्तर आलं.

'पंतोजी, तुमची विनंती वाचली. जुन्या नोंदी तपासल्या. पुस्तिकेची पहिली ओळ अकरा वर्षांपूर्वी तुम्हीच लिहिलेली आहे, आणि नंतरच्या सगळ्याही. नळवाला नावाचं खातं आमच्याकडे कधी नव्हतं. एका ओळीवर ते नाव दिसतं, ती यंत्रणेची चूक असावी. अलीकडे तुमच्या खात्यावरून काही चुका पुस्तिकेत शिरल्या, त्या काढून टाकत आहोत, काळजी नसावी. तुमचा झाडू उत्तम आहे. तो आता आम्ही मुख्य ठिकाणीच ठेवून घेतला आहे. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता फिरेल, त्याच्या बदलांना मंजुरी आपोआप मिळेल. त्यात एका ओळीचा अपवाद चुकून राहिला होता, तो काढला. मी सोमवारपर्यंत रजेवर आहे. इतकी वर्षं एकटीने हे काम केल्याबद्दल आभार.'

अकरा वर्षांपूर्वी मी तेरा वर्षांची होते, वसतिगृहात. तिथे आम्हाला कॉम्प्युटरला हात लावायची परवानगी नव्हती. ही गोष्ट मी स्वतःला मोठ्याने सांगितली. मग दादाचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. हात आठवले. टॉवेल आठवला.

७

त्याच दुपारी वहिनी पलंगावर बॅग भरत बसली होती. घडी घालून झालेला कपडा ती पुन्हा उलगडायची, पुन्हा घडी घालायची.

"ताई," ती म्हणाली. वन्सं नाही. तिने मला आयुष्यात पहिल्यांदा ताई म्हटलं, रस्ता विचारताना परक्या बाईला म्हणतात तसं. "एक विचारू का? रागावू नका."

"विचार ना."

"मी इथे का राहते?"

मी तिच्या हातातला कपडा काढून घेतला.

"तुमची आई चांगली आहे, तुम्ही चांगल्या आहात. पण मी तुमची कोण? सकाळी उठून चहा करते, आणि कप भरताना वाटतं, मी कोणाच्या घरात चहा करतेय. माहेरी फोन केला. आई म्हणाली, तूच गेलीस गं बारा वर्षांपूर्वी, कुठे ते सांगितलंही नाहीस." ती हसायचा प्रयत्न करत होती. "बारा वर्षं कोणी उगाच राहतं का कुणाकडे?"

मी लॅपटॉप आणून तिच्या मांडीवर ठेवला, ती ओळ उघडून. तिने मोठ्याने वाचली. येनार वर अडखळली.

"किती अशुद्ध लिहिलंय," ती म्हणाली. पण तिचं बोट पडद्यावरून हललं नाही. ती त्या पूर्णविरामाआधीच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून बसली होती. "इथे कोणीतरी थांबलंय," ती म्हणाली.

मला कल्पना सुचली ती तेव्हा. त्याला कल्पना म्हणायची तर.

ती ओळ म्हणजे सूचना आहे. माहितीपुस्तिकेतली प्रत्येक ओळ सूचनाच असते: अमुक झालं तर तमुक करावं. बहीण घरी येणार असेल तर टाकी आदल्या दिवशी भरावी. मी परत आले त्याच्या आदल्या दिवशी त्याने ती भरली असणार. पण मी घरातच बसून राहिले तर घरी येणार कशी? ती ओळ अजून त्याची होती. त्याला त्यातून यायला वाट द्यायला हवी होती, गुरुवारच्या बारापूर्वी. आणि आला, की कोणीतरी त्याला बघायला हवं होतं. कोणी एकाने जरी धडपणे पाहिलं, तर मग झाडूने काय झाडायचं ते झाडावं.

"शुक्रवारपर्यंत थांब," मी वहिनीला म्हटलं. "मी बाहेरगावी जातेय. परत येईपर्यंत थांब. एवढंच कर माझ्यासाठी."

"शुक्रवारनंतर सांगाल, मी कोण ते?"

"सांगेन."

८

मी बसने तीन तासांवरच्या एका गावात जाऊन राहिले. लॉजची खोली, एक खिडकी, खाली बसथांबा. बुधवार तिथे काढला, काही खाल्लं असेल नसेल. घर सोडून राहायला हवं, नाहीतर ते येणं खरं ठरणार नाही, असं मला वाटत होतं. हा विचार वेड्याचा आहे हे मला कळत होतं. कळणं आणि करणं यांच्यात तेव्हा काही दोस्ती उरली नव्हती.

गुरुवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी घरी फोन केला. वहिनीने उचलला.

"मी उद्या येतेय," मी म्हटलं. "उद्या घरी येतेय मी. ऐकलंस? आईलाही मोठ्याने सांग. कपाटाजवळ उभी राहून सांग."

"कपाटाजवळ?" पण तिने सांगितलं. तिचा आवाज लांब गेलेला मला ऐकू आला: आई, ताई उद्या येतायत. मग ती परत आली. "सांगितलं. का हो?"

"फोन ठेवू नकोस. नुसती थांब."

आम्ही दोघी थांबलो. तिच्या बाजूला घड्याळ वाजत होतं. माझ्या बाजूला बसचा कंडक्टर गावांची नावं ओरडत होता. लॅपटॉप समोर उघडा होता, पान एकशे चाळीस. अकरा चौदा. अकरा सोळा.

"ताई," वहिनी म्हणाली, "वरती पाणी पडतंय."

"कुठे?"

"टाकीत. जिन्यातली झडप... ती तर फिरत नाही कोणाला." तिचा श्वास मला ऐकू आला. "आई इथेच बसल्यात."

"वर जा. फोन घेऊन जा. भिऊ नकोस. कोणी दिसलं तर नीट बघ, आणि मला सांग."

तिच्या चपलांचा आवाज. जिना. बारा पायऱ्या, वळण, मग नऊ. मी तिच्याबरोबर मोजत होते. पाण्याचा आवाज वाढत गेला, मग मोठ्या पिंपात पाणी कोसळावं तसा झाला. आणि त्याच्या आड, कोणीतरी शीळ घालत होतं. सूर न धरता, दाताच्या फटीतून. मला ती शीळ माहीत होती. तो चेहरा मला आठवत नव्हता, पण शीळ आठवली.

"कोणीतरी पाठमोरं आहे," वहिनी कुजबुजली. "टाकीवर वाकलंय. खांद्यावर टॉवेल."

"पुढे हो."

"पण कोण आहे ते?"

"हो पुढे. हाक मार."

तिच्या चपला एक पाऊल पुढे जायच्या आणि थांबायच्या, पुन्हा पुन्हा. मला घड्याळ दिसत होतं आणि तिला घाई करायचं धाडस होत नव्हतं. चाळीस मिनिटं लागतात ती टाकी भरायला. पाण्याचा आवाज खोल होता तो उथळ होत आला. अकरा त्रेपन्न. अकरा पंचावन्न. तिने हाक मारली की नाही मला ऐकू आलं नाही. शीळ थांबली, एवढं ऐकू आलं. मग पाणीही थांबलं.

"अगं बाई," वहिनी म्हणाली, सावकाश, रडकुंडीला येऊन, आणि त्यात हसू होतं. "अहो, तुम्ही होतात कुठे इतके दिवस?" मग मला, अगदी फोनच्या जवळ तोंड आणून: "वन्सं. वन्सं, बघा तरी, हे इथे..."

लॅपटॉपवर निरोपाचा आवाज झाला.

मंजूर. आभार.

फोनमध्ये वारा वाहत होता. गच्चीवरचा वारा. तो बराच वेळ वाहिला.

"वहिनी?"

"ताई?" ती म्हणाली. "मी वर कशाला आले होते?"

९

शुक्रवारी मी घरी पोचले तेव्हा वहिनी गेली होती. तिने माझी वाट पाहिली, आई म्हणाली, पण बसची वेळ झाली. माझ्यासाठी किल्ली ठेवून गेली होती, आणि चहाचा एक धुतलेला कप ओट्यावर उपडा घातला होता. तो कोणाचा, ते आईला सांगता आलं नाही.

ती ओळ आता शुद्ध आहे. बहीण घरी येणार असेल तर टाकी आदल्या दिवशी भरून ठेवावी. डावीकडे माझं नाव आहे. सोमवारी राखणदाराने लिहिलं की पुस्तिका आता पूर्णपणे निर्दोष झाली आहे.

कपाटाला मी रोज सकाळी कान लावते. काही नाही.

पण टाकी भरलेली आहे. काठोकाठ होती, मी आले तेव्हा. मी गच्चीवर जाऊन घरातले सगळे नळ जिथून निघतात ती चावी बंद केली आणि तिच्यावर तार गुंडाळली. आम्ही खालून बादल्या आणतो. टाकीच्या आतल्या कडेला मी खडूने रेघ ओढली, दुसऱ्या दिवशी पाणी तिच्याखाली एक बोट होतं. तिसऱ्या दिवशी दोन. गळती नाही, फिटरला बोलावून दाखवलं. ऊन तितकं नाही. तरी रोज एक बोट जातंय. आज सकाळी तळाशी चार बोटं पाणी उरलंय. त्यात वाकून पाहिलं तर माझ्या मागे आभाळ दिसतं आणि माझ्या खांद्याशी थोडी जागा मोकळी दिसते, माणूस उभा राहील एवढी.

आई खालून हाक मारते. "अगं, शिळं होईल ते. वापरून टाक, नाहीतर सोडून दे."

"राहू दे गं," मी म्हणते. "ते एक राहू दे."